ज्याच्या हातात बॅटरी

लहानूबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या घरी पोळ्या लाटत होते. फोन त्यांच्या नातवाचा, विलासचा. तो मोखाडा-जव्हार अशी जीप चालवतो, त्यामुळे त्याचा फोन आला की मला वाटतं, कुणीतरी काहीतरी पाठवलंय, स्टँडवर जाऊन घ्यायचंय. "बाई, आमचा बाबा वारला," तो म्हणाला. अशा वेळी माणूस 'अरे देवा' म्हणतं, 'कसं काय' म्हणतं. माझ्या तोंडून काय निघावं? "रात्री की दिवसा?" ... विलासला त्यात काही विचित्र वाटलं नाही. "दिवसा," तो म्हणाला. "रात्रभर जागाच होता. सकाळी पेज प्याला, दुपारी डोळा लागला, तो लागलाच." फोन ठेवला, तव्यावरची पोळी करपली होती ती काढली, आणि नजर आपोआप दारामागच्या खिळ्याकडे गेली. तिथं त्यांची बॅटरी टांगलेली होती. तीन सेलची, पत्र्याची, काचेवर लाल फडकं बांधलेली. "पोर सरळ झोपाया लागली का परत आणून द्या," असं बजावून दिलेली. पोर सरळ झोपायला लागून सहा वर्षं झाली. उन्हाळ्यात देऊ, गणपतीत देऊ, असं करत ती राहिली. मला माझाच इतका राग आला की उरलेली कणीक मी तशीच झाकून ठेवली.

आता पाच आठवडे झालेत. बाबांबद्दल लिहायला बसले आहे, पण शोकाने लिहावं असे ते नव्हते. त्यांच्याबद्दल मला पहिल्यापासून कुतूहलच जास्त वाटत आलं. आश्रमशाळेच्या वसतिगृहावर तीस-बत्तीस वर्षं रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून काढलेल्या माणसाला तान्ह्या बाळाच्या झोपेतलं इतकं कळतं कसं, हा प्रश्न मी त्यांना कितीदा विचारला असेल. दर वेळी ते वेगळं उत्तर द्यायचे, आणि खरं उत्तर मला मिळालं ते ते गेल्यावर.

रेवा झाली तेव्हा आम्ही मोखाड्यात बाबांच्या घरात भाड्याने राहत होतो. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागे बाबा आणि त्यांची बायको, आमची आजी. मधली भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली. इकडे फोडणी दिली की तिकडे शिंक यायची. मी सूर्यमाळच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका, माझा नवरा प्रशांत पंचायत समितीत क्लार्क. दोघांची गावं लांब, माझं सिन्नरकडे, त्याचं संगमनेरजवळ. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा दिवसाचा प्रश्न आजीने सोडवला. "टाक माझ्या मांडीवर आणि जा शाळंत," इतकंच म्हणाली. प्रश्न रात्रीचा होता. रेवा आठ महिन्यांची झाली तरी रात्रीतून पाच-सहा वेळा उठायची. नुसती उठायची नाही, गाव गोळा करायची. आणि प्रशांत? तो ढाराढूर. सकाळी उठून विचारायचा, "काल बरी झोपली ना?" एकदा मी त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं होतं, हे आता सांगून टाकते. तो वाईट नव्हता हो. म्हणायचा, "हाक मार ना, मी उठतो." पण सात हाका मारेपर्यंत माझी झोप उडालेली असायची, आणि तो उठून आधी चष्मा शोधायचा. मग मीच खेकसायचे, "झोप तू, तुला नाही जमायचं!"

जीपमध्ये डुलकी लागून माझा पाडा दोनदा मागे गेला. तिथपर्यंत हसण्यावारी नेलं. पण एका सकाळी पहिलीच्या वर्गात फळ्यावर 'कमळ' लिहून मी खुर्चीत टेकले, आणि जाग आली तेव्हा दारात मुख्याध्यापक उभे होते. अर्धा तास झाला होता. बावीस पोरं चिडीचूप बसलेली. सगळ्यात पुढची मंगली तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना दटावत होती, "बाई निजल्यात, गप ऱ्हावा." मुख्याध्यापक भला माणूस, न रागावता निघून गेले. त्यानेच जास्त लागलं. त्या संध्याकाळी मी सासूबाईंना फोनवर रडत रडत सगळं सांगितलं, आणि त्यांनी लगेच तोडगा काढला. दिवाळीला येते आणि रेवाला घेऊन जाते. दोन वर्षांची झाली की आणून देते. नोकरीवाल्यांची किती पोरं अशीच आज्यांकडे वाढतात, त्यात काय एवढं! प्रशांतने मान डोलावली. मीही 'हो' म्हणाले ... आणि फोन ठेवल्यावर पोरीला छातीशी धरून बसले. माझं बाळ पहिलं पाऊल टाकणार ते मला फोनवर दिसणार होतं. दिवाळीला दीड महिना उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओट्यावर दात घासत होते. मिशरीचं बोट तोंडात तसंच ठेवून म्हणाले, "बाई, पोर कनच्या कोपऱ्याला निजतं?" मी दाखवलं. आढ्याला साडीची झोळी बांधलेली. "तिच्या जागी तू निजून बघितलंस का कधी?" मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण ते गंभीर होते. वसतिगृहात एखादं पोर लागोपाठ दोन-तीन रात्री उठलं, की ते त्या पोराला आपल्या घोंगडीवर झोपवायचे आणि स्वतः त्याच्या जागी आडवे व्हायचे. कधी पत्रा वाऱ्याने वाजतोय असं कळायचं. कधी खिडकीतून थेट नाकावर गार झोत. एकदा म्हणे शेजारचं पोर झोपेत दात खायचं, करकर करकर, त्या आवाजाला घाबरून हे रडायचं. "पोराला इचारून काय उपेग? त्याला तरी कुठं ठावं असतं? निजून बघावं."

मी वरच्या वर्गांना विज्ञान शिकवणारी बाई, मला हे एकदम पटलं. मी काही झोळीत मावणार नव्हते, म्हणून त्या रात्री झोळी सोडली, तिच्याखाली चटई टाकली आणि बाळाचं डोकं यायचं तिथं डोकं ठेवून पडले. प्रशांतला वाटलं, बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला. एकच्या सुमाराला भसकन डोळ्यांवर उजेड आला. समोरच्या घरातले कुणी लघवीला उठले की अंगणातला दिवा लावायचे, आणि कौलाच्या फटीतून तो नेमका इथं पडायचा! दुसऱ्या दिवशी फटीत चिंधी कोंबली. उठणं पाचावरून चारावर आलं. मी एका जुन्या वहीत रोज लिहायला लागले, किती वाजता उठली, कशाने गप्प झाली. बाबांनी सांगितलेलं पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: पोर का रडतं हे रडण्यावरून कळत नाही, कशानं थांबलं त्यावरून कळतं.

पण चार म्हणजे चार. एका माणसाला ते झेपणारं नव्हतंच. मग एका रविवारी बाबा ही बॅटरी घेऊन आमच्या खोलीत आले आणि प्रशांतला समोर बसवलं. प्रशांत त्यांना जरा टरकायचा. बाबा म्हणाले, वसतिगृहावर पहारेकरी दोन आणि बॅटरी एक. अर्ध्या रात्रीला बॅटरी हातात द्यायची आणि तोंडाने सांगायचं, "साठ पोरं, एक जागं, दाराकडचं, त्याला पाणी पाजलं." बस्स. त्यानंतर ज्याच्या हातात बॅटरी, साठही पोरं त्याची. दुसऱ्याने उठायचं नाही. वाघ आला तरी नाही. "आन् उजेड पोराच्या तोंडावर नाय मारायचा, साहेब. आपल्या पायांवर टाकायचा. पोराला दिसलं पायजे, कोण येतंय."

हे पायांचं मला फार आवडलं. आश्रमशाळेत नवीन आलेली सहा-सात वर्षांची पोरं, घरापासून पहिल्यांदा लांब, अंधारात पावलं वाजली की जीव मुठीत धरायची. बाबांच्या डाव्या पायाला पाचाऐवजी चारच बोटं होती, कधीतरी कुऱ्हाड लागलेली. ती चार बोटं लाल उजेडात दिसली की पोरं पुन्हा कूस वळायची. मी विचारलं, "म्हणजे पोरं तुम्हाला तोंडावरून ओळखायचीच नाहीत?" तर म्हणाले, "दिवसा मी निजलेला असायचा ना. तोंड कोण बघतंय!"

ठरलं. दहाला मी दूध पाजायचं आणि बॅटरी प्रशांतकडे. अडीच वाजता ती माझ्याकडे. प्रशांतच्या अंगात लगेच क्लार्क संचारला. पहिल्या रात्री तो म्हणाला, "म्हणजे पदभार सुपूर्द करायचा." आणि त्याच रात्री सगळं फिसकटलं. रेवाने पहिला हुंदका दिला, प्रशांत खरोखर उठला, चष्मा शोधला, बॅटरी लावली ... आणि तोवर मी झेप घालून पोरीला उचललं होतं. "सोड, तू हलवतोस कसा! मान धर तिची!" दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडले आणि अंथरुणातूनच सूचना करत राहिले. "पाठीवर थोपट. तिथं नाही, खाली." चौथ्या रात्री प्रशांत उठलाच नाही. का उठेल? मी भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "पालथ्या घड्यावर पाणी." तेव्हा भिंतीपलीकडून बाबा खाकरले.

सकाळी त्यांनी मला असं झापलं की माझ्या वडिलांनीसुद्धा कधी झापलं नसेल. "तुझा दादला बिघडलेला नाय, तूच त्याचा पहारा चोरतेस. दोन पहारेकरी एकाच दारात उभं ऱ्हायलं तं मागलं दार कोण राखील? उद्या शाळंत पुन्हा निजशील!" माझं पित्त खवळलं. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही पुरुष आहात. तुम्हाला काय कळणार, बाळ रडलं की आईचं काय होतं ते!" ते दोन-चार क्षण नुसतं माझ्याकडे पाहत राहिले, मग आत गेले. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

संध्याकाळी आजी आली. मला म्हणाली, "आज तू माझ्याकडं निजाया ये. बाबानं सांगितलंय." दहाला रेवाला पाजून मी भिंतीपलीकडे आजीच्या शेजारी आडवी झाले. बाबा बाहेर ओट्यावर. मला झोप कुठली! बाराच्या सुमाराला रेवा रडली. कुडाच्या भिंतीतून ते रडणं थेट माझ्या पोटात शिरलं. मी उठून बसले, तर अंधारात आजीने माझं मनगट धरलं. म्हातारीची पकड, पण काय पकड! "नाय उठायचं." रडणं वाढलं. पलीकडे काहीतरी पडलं, बहुतेक चष्म्याची डबी. मग प्रशांतचा आवाज आला. त्याला गाणं येत नाही, एकही अंगाई पाठ नाही. तो काय म्हणत होता? "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की ... सदर बालिकेने तात्काळ निद्राधीन व्हावे ... होण्यास विनंती आहे ..." तेच ते, एका सुरात, पुन्हा पुन्हा. आजी तोंडात पदर कोंबून हसायला लागली. मी रडत होते आणि हसत होते. आणि रेवा थांबली! कशाने थांबली ते मी वहीत लिहिलंय, 'शासकीय पत्र' असं. आजीने मनगट कधी सोडलं मला आठवत नाही. मला जाग आली तेव्हा कोंबडे आरवत होते, आणि प्रशांत दारात रेवाला खांद्यावर घेऊन उभा होता. "एक बालिका, दोनदा उठली, आता भूक लागली आहे," असं म्हणून त्याने माझ्या हातात बॅटरी दिली. अडीचला त्याने मला उठवलंच नव्हतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी सलग उजाडेपर्यंत झोपले होते.

त्यानंतर सगळं एकदम गोड झालं असं नाही. दात येताना पुन्हा सहा-सहा वेळा उठणं झालं, बॅटरीवरून भांडणंही झाली. पण मी त्याच्या पहाऱ्याला हात लावला नाही. दिवाळीत सासूबाई आल्या, रिकामी पिशवी घेऊनच आल्या, पोरीचे कपडे न्यायला. पहिल्या रात्री मुलाला उठताना बघून मला म्हणाल्या, "माझा मुलगा रात्री पोर सांभाळतो! तू त्याची बायको की साहेब?" मी जीभ चावली. तिसऱ्या रात्री लाल उजेडाच्या गोलात बापाचे पाय बघून रेवा झोळीतून हात बाहेर काढून हसली, ते त्यांनी पाहिलं. जायच्या दिवशी रिकामी पिशवी घडी घालून म्हणाल्या, "राहू दे पोरीला इथंच. तिकडं मला एकटीलाच उठावं लागेल." मी मोखाड्याच्या बाजारातून बाबांसाठी धोतरजोडी आणली. त्यांनी ती घेतली आणि म्हणाले, "बॅटरी ऱ्हाऊ द्या अजून. पोर सरळ झोपाया लागली का द्या."

पुढे प्रशांतची बदली जव्हारला झाली, मागोमाग माझी. येणं-जाणं कमी झालं. बाबा आजारी होते हेही मला कळलं नाही ...

दिवसकार्याला आम्ही तिघं गेलो, सोबत बॅटरी घेऊन. नवीन सेल घातले होते, फडकं धुतलं होतं. आजी मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मी बॅटरी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आजी, फार उशीर केला मी." तिने ती उचलली, उलटसुलट केली. म्हणाली, "शेवटाला पंधरा दिवस अंथरुणाला होता. रातचं विलास उठायचा, त्याची बायको उठायची. मोबाईलचा उजेड त्याच्या तोंडावर. बोंबलायचा, तोंडावर नको, पायावर टाका. मंग इचारायचा, बॅटरी कुठं हाय. आम्ही सांगितलं, बाईंकडं हाय, आणाया पाठवू का? तं बोलला, ऱ्हाऊ द्या. तिची पोर अजून रडत असंल." आठ वर्षांची रेवा अंगणात विलासच्या पाच महिन्यांच्या मुलाला खुळखुळा वाजवून दाखवत होती.

जरा वेळाने मी तो जुना प्रश्न आजीला वेगळ्या तऱ्हेने विचारला. इतकं कळत होतं बाबांना, तर तुमच्या पोरांच्या वेळी मजाच असेल तुमची. अर्धी रात्र तुमची, अर्धी त्यांची. आजीने सुपातला खडा उचलून लांब फेकला. "कंची अर्धी? तो रातचा घरी होता कधी! तिकडं लोकांची साठ पोरं निजवायचा, आन् माझी चार मी एकटीनं. सकाळी यायचा तो निजायचा. पोरांना दटवायची, बाप निजलाय, आवाज करू नका." मी थक्क. "तुम्ही कधी बोलला नाहीत?" "मी कशाला बोलू? त्याला ठावं होतं. रिटायर झाल्यावर एकदा बोलला, तुझ्या वाटचा पहारा ऱ्हायलाच. मी बोलली, आता कोणाचा देतोस, पोरांना पोरं झाली." ती हसली. "मंग तुझी पोरगी आली. तुझ्या दादल्याला जुपला. तू त्याला काय बोलली होतीस त्या दिवशी, तुम्हाला काय कळणार? आत येऊन मला बोलला, बाई खरं बोलली."

मला तेव्हा बाबांचा राग आला, हे लपवत नाही. आणि त्या रागातच त्यांच्यावर आधी होती त्याहून जास्त माया दाटून आली. आता त्यांना विचारायला हवं होतं. साठ पोरांच्या उशाशी उभं राहताना घरची चार आठवायची का? माझ्याकडे तसे बघत राहिलात तेव्हा मनात काय होतं? विचारणार कुणाला!

संध्याकाळी घाटात धुकं उतरलं म्हणून आम्ही तिथंच राहिलो. त्याच कुडाच्या भिंतीच्या मागच्या खोलीत ओळीने अंथरुणं पडली. आजी, तिच्या शेजारी मी, मग रेवा, प्रशांत, पलीकडे विलास, त्याची बायको आणि झोळीतलं बाळ. बॅटरी आजीने तिच्या जुन्या जागी, दाराशेजारच्या खिळ्याला टांगली होती. मध्यरात्री केव्हातरी बाळ रडलं. आजी सवयीने गुडघ्यावर हात टेकून अर्धी उठली. मीही डोळे उघडले. तेवढ्यात खिळ्यावरून बॅटरी काढल्याचा आवाज आला आणि जमिनीवर लाल गोल पडला. त्यात दोन मोठे पाय होते.

"पहारा कोणाचा?" आजीने अंधारात विचारलं.

"माझा, आजी," विलास म्हणाला. "तू नीज."

"बरं," असं म्हणून आजी आडवी झाली. बाळ अजून रडत होतं, विलास त्याला काहीबाही सांगत होता. मी आजीचं मनगट हाताशी लागलं ते धरून पडून राहिले. थोड्या वेळाने ती घोरायला लागली, आणि बाळ रडत असूनही मी उठले नाही.